काठ-पदर आणि खाच-कुसू: पैठणी, दरबारी वस्त्रं आणि वाड्यातलं फर्निचर याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शंभर-दीडशे वर्षं टिकलेल्या राजेशाही वस्तूंमध्ये सारखं काय असतं?

त्या उसवता येतात. भारी रेशीम आणि भारी लाकूड लागतंच, पण तेवढ्याने वस्तू टिकत नाही. बाराबंदीला बटणं नाहीत, बंद आहेत. माणूस जाड झाला की बंद सैल बांधायचे, अंगरखा पुढच्या पिढीच्या अंगावर बसतो. नऊवारीला तर शिवणच नाही. पैठणीचं अंग विरलं तरी काठ आणि पदर काढून नव्या रेशमावर लावता येतात. जुन्या सागवानी पलंगाचं कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ, खाचेत बसवून आडवी खुंटी मारलेली असते. खुंटी ठोकून बाहेर काढली की अख्खा पलंग सुटा होतो आणि बैलगाडीतून दुसऱ्या गावी जातो. सरस, म्हणजे हाडा-कातड्यापासूनचा जुना गोंद, गरम पाण्याने सुटतो, लाखेचं पॉलिश स्पिरिटने विरघळतं. या पानावरची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात, त्यामुळे ती आधीच सांगून टाकलेली बरी.

राजेशाही म्हणजे भरगच्च जर आणि कोरीवकामच ना?

नाही. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग राजवाडा सजवून घेतला. तिथे सिंहाच्या पंजाचे पाय नव्हते. होत्या त्या डिझायनर आयलीन ग्रेची ‘ट्रान्सॅट’ खुर्ची, फ्रेंच डिझायनर रूलमनचं फर्निचर, धातूच्या नळ्या आणि काच. 1980 मध्ये हे सामान मोनॅकोत लिलावात गेलं आणि राजवाड्यात आज केंद्र सरकारचं कर-कार्यालय आहे. त्यातल्या खुर्च्यांचे आराखडे आजही नवे वाटतात, कारण त्यांच्यात काढून टाकण्यासारखं काही उरलेलंच नाही.

होळकरांच्याच महेश्वरची साडी बघा. अंगभर साधी पट्टी किंवा चौकडी, काठावर वीट, चटई, हिरा असे भौमितिक नमुने. काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, म्हणजे एकच साडी दुप्पट वापरता येते. एवढी काटकसर राजघराण्याच्या आश्रयाने वाढलेल्या कापडात सापडते, हे लग्नाच्या बस्त्याला निघालेल्यांनी जरूर लक्षात घ्यावं.

हातमागाची पैठणी ओळखायची कशी?

पदर उलटा करा. बाकीच्या खुणा नंतर.

खऱ्या पैठणीच्या पदरात उभे धागे रेशमाचे आणि जमीन जरीची असते. त्या जमिनीत मोर, मुनिया (पोपट), असावली (फुलवेल), कुयरी हे रंगीत रेशमाने भरतात. प्रत्येक रंगाची छोटी कांडी वेगळी असते. विणकर ती नक्षीच्या हद्दीपर्यंतच नेतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो आणि परत फिरवतो. त्यामुळे मागच्या बाजूला लोंबते, सुटे धागे नसतात आणि मोर दोन्हीकडून जवळपास सारखाच दिसतो. बारकाईने पाहिलं तर उलट बाजूला धागा जिथे संपला तिथे बारीक टोक आणि किंचित उंचवटा लागतो. हा दोष नाही, हाताची खूण आहे.

यंत्रमागावरच्या किंवा जॅकार्डच्या (नक्षीसाठी धागे आपोआप उचलणाऱ्या यंत्रणेच्या) पदरात मागे धाग्यांच्या लांब उड्या दिसतात किंवा त्या कापून केलेली झालर दिसते. बांगडी, अंगठीचा खडा त्यात अडकतो आणि दोन वर्षांत मोराची चोच निघून येते. ‘सेमी पैठणी’ म्हणतात ती हीच. स्वस्त आहे, रोजच्या समारंभाला छान आहे, फक्त तिला पैठणीच्या भावात घेऊ नका. हातमागावरची ‘ब्रोकेड पैठणी’ हा मधला प्रकार आहे. तिच्या अंगावर किंवा काठावर जॅकार्डची नक्षी असते. तिथे मागे उड्या दिसल्या म्हणजे साडी नकली असं नाही, पण पदर मात्र हाताने भरलेला आहे ना, ते वेगळं तपासा.

काठ आणि अंगाच्या जोडावर बोट फिरवा. पारंपरिक पद्धतीत दोन्ही काठांचे आणि अंगाचे मिळून तीन धोटे (आडवा धागा नेणारी साधनं) चालतात आणि जोडावर बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे एकमेकांत अडकतात. जोड ताणल्यावर फट पडत असेल तर तो सैल आहे. साडी तिथूनच उसवणार.

लेबलं दोन बघायची. रेशमासाठी सिल्क मार्क, हातमागासाठी हँडलूम मार्क. एक असलं म्हणजे दुसरं आपोआप सिद्ध होत नाही. यंत्रमागाच्या साडीलाही सिल्क मार्क मिळू शकतो, कारण रेशीम खरंच असतं. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा येवला-पैठणच्या विणकराला त्याची नोंदणी विचारायला लाजू नका.

जरी खरी आहे का, हे दुकानात कसं कळेल?

तीन प्रकार ध्यानात ठेवा. खरी जरी म्हणजे चांदीची तार चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळलेली आणि वर सोन्याचा मुलामा. दुसऱ्या प्रकारात तार तांब्याची आणि वर चांदी-सोन्याचा पातळ थर. तिसरी प्लास्टिक जरी, म्हणजे चमकदार पॉलिस्टर फीत.

बाजारात ‘टेस्टेड जरी’ असा शब्द येतो. ऐकताना वाटतं की कुणीतरी तपासून दिलेली असेल. प्रत्यक्षात ती दुसऱ्या प्रकारची, तांब्याची जरी असते. या एका शब्दाने जितकी गिऱ्हाइकं फसली तितकी खोट्या बिलाने फसली नसतील.

घरगुती चाचणी: ब्लाउजपीसच्या टोकाचा एक जरीचा धागा काढा, नखाने वरची फीत उलगडा. आत लालसर किंवा केशरी रेशीम आणि फीत पांढरी निघाली तर खरी जरी असण्याची शक्यता चांगली. फीत आतून तांबूस निघाली तर तांबं. फीत ताणल्यावर लांबली किंवा ज्योतीजवळ आकसून गोळी झाली तर प्लास्टिक. धागा तोडायचा नसेल तर सराफाकडच्या एक्स-रे यंत्रावर काठ ठेवून चांदी-तांब्याचं प्रमाण पाहता येतं.

तांब्याची जरी वाईट नाही. पण ती काही वर्षांत काळवंडते आणि पुन्हा उजळता येत नाही, कारण वरचा थरच गेलेला असतो. चांदीची जरी काळवंडली तरी आत चांदी शाबूत असते.

चार-पाच हजारांत ‘हातमागाची अस्सल पैठणी’ मिळते, घ्यावी का?

हिशेब स्वतःच करा. साध्या नारळी काठाच्या आणि आखूड पदराच्या साडीला तीन-चार आठवडे, भरलेल्या पदराला दोन-तीन महिने, अंगभर नक्षीला सहा महिने ते वर्षभर लागतं. त्यात रेशीम आणि जरीचा खर्च. एवढी मजुरी त्या किमतीत बसत नाही, म्हणजे ती हातमागाची नाही.

घडी घालून ठेवलेली पैठणी घडीवरच का फाटते?

कारण जरीचा धागा धातूचा आहे. तार वारंवार एकाच रेषेत दुमडली की तुटते आणि तुटलेली टोकं शेजारचं रेशीम कापतात. कपाटात वर्षानुवर्षं हात न लावलेली साडी वापरातल्या साडीपेक्षा आधी जाते, ती यामुळे.

साडी नवी असो की जुनी, धुतलेल्या, खळ काढलेल्या पांढऱ्या मलमलमध्ये गुंडाळा. दर तीन महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घाला आणि अर्धा-एक तास सावलीत वारा द्या. ऊन नको, उन्हाने रेशमाचा तंतूच कमकुवत होतो. फार मोलाची साडी असेल तर घडीऐवजी तीन इंच व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर मलमल गुंडाळून त्यावर लाटून ठेवा.

चुका ठरलेल्या आहेत. दुकानाची प्लास्टिक पिशवी पावसाळ्यातला दमटपणा आत कोंडते आणि बुरशी धरते. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी, पिवळे डाग पाडतो. रबरबँडमधल्या गंधकाने जरी काळी पडते. अत्तर किंवा सेंट थेट पदरावर उडवल्यास जरी डागळते, म्हणून ते साडी नेसण्याआधी लावायचं. डांबरगोळ्या साडीला चिकटून ठेवायच्या नाहीत. कसर लागू नये म्हणून वेखंड, लवंग किंवा सुकलेला कडुलिंब पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा. कडुलिंबाची ओली पानं घडीत सरकवली तर हिरवट डाग राहतो आणि तो जात नाही.

फॉल सुती आणि आधी धुऊन आकसवलेला लावा. पॉलिस्टरचा फॉल आकसत नाही, रेशीम आकसतं आणि काठावर कायमच्या चुण्या पडतात. साडी वर्षभर नेसायची नसेल तर फॉल उसवून ठेवलेला उत्तम.

हळदीचा, तेलाचा, चहाचा डाग पडला तर?

चोळू नका. रेशमाचा ओला तंतू चोळल्यावर पांढरट, केसाळ होतो आणि डाग निघाला तरी ती जागा कायम दिसते.

तेल किंवा तूप सांडलं तर वर टाल्कम पावडर जाड थराने पसरून सहा-आठ तास ठेवा, मग मऊ ब्रशने झटका. गरज पडली तर पुन्हा एकदा. चहा लगेच कोऱ्या सुती कापडाने टिपा. हळदीला मात्र साबण लावायचाच नाही. साबण क्षारधर्मी, हळद त्यात लाल होते आणि हळदीकुंकवाचा पिवळा ठिपका कुंकवासारखा पसरतो. सुती साडीची हळद उन्हात उडवतात तसं इथे करता येत नाही, साडी ड्रायक्लीनला द्या आणि डाग हळदीचा आहे असं पावतीवर लिहून घ्या.

इस्त्री उलट बाजूने, वर सुती कापड टाकून, ‘सिल्क’च्या खुणेवर. वाफेची इस्त्री थेंब टाकते, ती जरीवर नको.

आजीची नऊवारी पैठणी कापून सहावारी करू का?

आधी मोजा. नऊवारी सुमारे 8.2 मीटर, सहावारी साडेपाच. म्हणजे 2.7 मीटर उरतं. कापायचंच असेल तर पदराच्या बाजूने नव्हे, आतल्या टोकाकडून कापा. उरलेल्या तुकड्यात एक ब्लाउज आणि लहान मुलीचं परकर-पोलकं होतं. मात्र जुन्या साडीचं कापड आधी प्रकाशासमोर धरून बघा. बारीक चिरा, जाळी दिसली तर ते रेशीम शिवणीचा ताण घेणार नाही आणि ब्लाउज पहिल्याच दिवशी काखेत फाटेल.

अंग गेलं असेल आणि काठ-पदर शाबूत असतील तर ते काढून नव्या रेशमावर बसवा. काठ उसवताना जरीच्या बाहेर अर्धा इंच जुनं रेशीम राखून कापायचं, कारण टाका जरीतून घातला तर तार तुटते. नवं अंग काठाच्या जाडीला पेलेल असं घ्या. पातळ कापडावर जड काठ लावला की तो लोंबतो आणि निऱ्या बसत नाहीत. काळ्या आणि गडद तपकिरी रेशमाची नक्षी आधी विरलेली असते. जुन्या काळ्या रंगात लोहाचे क्षार असत आणि ते रेशीम खातात. त्या मोराचा डोळा गेला म्हणून अख्खा पदर टाकून देऊ नका.

आणि जुन्या साड्या ‘मोडीत’ घेणाऱ्याला देण्याआधी दहादा विचार करा. तो साडी जाळून चांदी काढतो. चांदीच्या भावात मिळालेले पैसे पदराच्या विणकामापुढे काहीच नसतात.

संस्थानी घराण्यातल्या शिफॉनच्या साड्या नुसत्या हाताळल्यावर चिरतात. का?

शिफॉनची फॅशन राजघराण्यांत रुजवणाऱ्या इंदिरादेवी बडोद्याच्या गायकवाडांची कन्या आणि कूचबिहारच्या महाराणी. कापड युरोपातून यायचं. त्या काळी युरोपात डिंक काढल्याने हलकं झालेलं रेशीम जड करायला कथिलाच्या क्षारांत बुडवण्याची रीत होती. हे क्षार रेशमाला आतून ठिसूळ करतात. अशी साडी टांगलेली असेल तर आधी खाली उतरवा, सपाट ठेवा, धुऊ नका. तिला रफू होत नाही, कारण टाका घातला की शेजारी नवी चीर पडते. मागून पातळ रेशमाचं अस्तर देऊन आधार देणं एवढंच शक्य असतं. त्याच वयाची पैठणी नेसण्याजोगी राहते, कारण तिच्या रेशमात असली भर नसते.

सागवान खरं आणि चांगलं आहे हे कसं ओळखावं?

पृष्ठभाग बघू नका, टोक बघा. पाटीच्या कापलेल्या टोकावर वाढीची वलयं दिसली पाहिजेत आणि वरच्या पृष्ठभागावरचा रेषांचा ओघ टोकावर तसाच वळला पाहिजे. वर सुंदर रेषा आणि टोकावर भुसा किंवा थर दिसले तर ते व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, आहे. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, उलटा करा, कपाटाच्या पाठीमागे हात घाला. दुकानदार जिथे पॉलिश करत नाही तिथेच लाकूड खरं बोलतं.

गाभ्याचं लाकूड सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट आणि रंधा मारल्यावर कातड्यासारखा वास. सालीलगतचा भाग फिका पिवळसर असतो. त्यात सागाचं संरक्षक तेल जवळपास नसतं, म्हणून वाळवी आणि भुंगा आधी तिथे लागतात. मिस्त्री रंग मारून तो लपवतात. आतल्या पट्टीला थोडा फिका भाग चालेल, पायाला अजिबात नको.

ओलाव्याचं मीटर लावायला सांगा. पुणे, नाशिक, नागपूरकडे 8 ते 12 टक्के, कोकण-गोव्यात 12 ते 14. वीस टक्क्यांचं लाकूड घेतलंत तर पहिल्याच उन्हाळ्यात सांधे बोलायला लागतील.

घनफुटाचं गणित: लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार भागिले 144. सहा फूट लांब, बारा इंच रुंद, दोन इंच जाड पाटी बरोबर एक घनफूट. रंध्याआधीचं माप आणि रंध्यानंतरचं माप यात सहज फरक पडतो. भाव कोणत्या मापावर धरला, ते आधी ठरवा.

पाडलेल्या वाड्याचं लाकूड घ्यावं का?

घ्यावं. शंभर वर्षं वाळलेलं सागवान आता फारसं आकसत-वाकत नाही. पण तुळईत मोडलेले खिळे असतात. लोहचुंबक फिरवल्याशिवाय करवतीला लावलं तर पातं जातं आणि मिस्त्री त्याचे पैसे तुमच्याकडून घेतो. खिळ्याभोवतीचा काळा डाग म्हणजे लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनची प्रक्रिया. तो आत बराच खोल असतो, रंध्याने जात नाही. भिंतीत गाडलेली टोकं दोन्हीकडून फूटभर कापून टाका, वाळवी आणि कूज तिथेच असते.

जुनी गोल टीपॉय किंवा चौरंग ‘पेशवेकालीन’ म्हणून विकायला आला तर टेप लावून दोन व्यास मोजा, एक रेषांच्या दिशेने, एक आडवा. लाकूड आडवं आकसतं, लांबीत जवळपास नाही. खरोखर जुनं गोल फळकूट आडव्या मापात काही मिलिमीटर कमी भरतं. दोन्ही मापं तंतोतंत सारखी असतील तर जुनेपणाचा पुरावा विकणाऱ्याकडून मागा. पुरावा नसेल तर नव्याच्या भावाने बोला.

खुर्चीचे सांधे हलतात. खिळा मारू का?

नको. खिळा कुसू फोडतो, गंजतो आणि पुढच्या दुरुस्तीत सांधा सुटूच देत नाही. एका खिळ्याने पन्नास वर्षांचं आयुष्य पाच वर्षांवर येतं.

आधी खुंटी शोधा. पायाच्या बाजूला पैशाएवढं गोल किंवा चौकोनी टोक दिसतं. मागून तेवढ्याच जाडीच्या लोखंडी सळीने हलके ठोकून ती बाहेर काढा. सांधा गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने अर्धा तास शेकवा. जुना सरस मऊ झाला की लाकडी हातोडीने सोडवा. कुसू आणि खाच यांवरचा जुना सरस पूर्ण खरवडून काढा. नवा गोंद जुन्या सरसावर चिकटत नाही आणि बऱ्याच दुरुस्त्या इथेच फसतात.

सरस: दाणे बुडतील इतक्या थंड पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दुहेरी भांड्यात सुमारे 60 अंशांवर वितळवा. उकळला तर ताकद जाते. पळीतून मधासारखा धार धरून पडला पाहिजे. दोन्ही बाजूंना लावा, लगेच जोडा, सुतळीचा फास टाकून काठीने पीळ द्या आणि 24 तास हात लावू नका. कुसू सैल झालं असेल तर सागाची पातळ चिपटी चिकटवून जाड करा. भुसा-गोंदाची लापशी भरू नका, ती दाबाखाली चुरा होते.

पांढरा गोंद, म्हणजे सगळे ज्याला फेविकॉल म्हणतात तो, नव्या कामाला उत्तम. फक्त तो स्वच्छपणे सुटत नाही. ज्या वस्तूला पुन्हा कधीतरी उघडावं लागणार आहे तिला सरस.

लाखेचं पॉलिश की पीयू?

जेवणाच्या टेबलाला पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) लावा, भांडण नको. बाकी सगळ्याला लाख. पीयूवर ओरखडा पडला तर पूर्ण पृष्ठभाग घासून काढावा लागतो. लाखेवर पडला तर त्याच जागी पुन्हा लाख लावता येते, कारण नवा थर जुन्यात विरघळून एक होतो.

एक लिटर स्पिरिटमध्ये 150 ग्रॅम चपडा लाख, झाकणाच्या बरणीत 24 तास, अधूनमधून हलवत. तापवायचं नाही, स्पिरिट पेट घेतं. मलमलमधून गाळा. लाकूड 120, 180, मग 320 च्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासा. कापसाभोवती मलमल गुंडाळून पोटली करा, ओली, पण ठिबकणारी नाही. लांब, हलके हात. दोन थरांत अर्धा-एक तास, दर तीन थरांनंतर 320 चा हलका हात, एकूण सहा ते आठ थर. पोटली मध्येच थांबवली की तिथे ठसा उमटतो.

श्रावणात पॉलिश काढू नका. हवेतला ओलावा थरात अडकतो आणि पृष्ठभाग दुधाळ होतो. गरम कपाचं पांढरं वर्तुळ उमटलं तर स्पिरिटची जेमतेम ओली पोटली एकदाच, वरच्यावर फिरवा. बरणीतली लाख सहा महिन्यांहून जुनी असेल तर काचेवर थेंब टाकून बघा. तासाभरानेही चिकट असेल तर ती फेका.

अळशीच्या तेलाच्या चिंध्यांविषयी वेगळं सांगावं लागतं. चुरगळून टोपलीत टाकल्या तर त्या आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

फ्लॅटमध्ये झोपाळा टांगता येईल का?

येईल, पण बीमला. स्लॅबच्या मधोमध नव्हे. वाड्यात झोपाळा, विदर्भात ज्याला बंगई म्हणतात तो, जाड सागवानी तुळईच्या कड्यांवर लटकायचा. तीन माणसं 225 किलो, पाट आणि पितळी कड्या 40, एकूण 265 किलो. झोका 45 अंशांपर्यंत गेला तर तळाशी ताण दीडपटीहून थोडा जास्त, साधारण 420 किलो होतो. दोन बिंदूंवर तो 210-210 वाटला जातो, आणि हा धक्का रोज शेकडो वेळा बसतो. म्हणून प्रत्येक हुक किमान एक टन क्षमतेचा हवा. प्लॅस्टर किंवा फॉल्स सीलिंगमध्ये बसवलेला हुक म्हणजे अपघाताची तारीख ठरवणं आहे. बांधकाम अभियंत्याला बीम दाखवा. कडी घासते तिथे वर्षातून एकदा पितळेची जाडी बघा, तिसरा हिस्सा झिजली की बदला. पाटाची जाडी दीड इंच, पाठीमागे मोकळी जागा तीन फूट.

दरबारातली सिंहासनासारखी खुर्ची घरात अवघडल्यासारखी का वाटते?

कारण ती बसायला नव्हती, दिसायला होती. तिची बैठक बऱ्याचदा 50-55 सेंटिमीटर उंच असते आणि खाली पाय ठेवायला चौरंग असतो. घरच्या खुर्चीची बैठक 42 ते 45 हवी, नाहीतर पाय अधांतरी. तसाच नऊ फुटी छताखाली सात फुटी खांबांचा मच्छरदाणीचा पलंग पिंजऱ्यासारखा दिसतो. वाड्यातून घ्यायचीच तर बैठक घ्या: जाड गादी, तक्क्या, लोड, बाजूला एक बुटका चौरंग. आजच्या कमी उंचीच्या खोलीला तीच शोभते.

वेताची बैठक खचली आहे. पूर्ण विणून घ्यावी लागेल?

वेत तुटला नसेल तर नाही. खुर्ची उलटी करा, खालच्या बाजूने कोमट पाण्याचा फडका वीस मिनिटं ठेवा आणि 24 तास सावलीत वाळू द्या. वेत आकसून ताणला जातो. वरची चकचकीत बाजू पाणी पीत नाही, त्यामुळे तिथे ओतून उपयोग नाही. भोकापाशी वेत तुटला असेल तर मात्र पूर्ण विणकामच. एक पट्टी बदलली तर सगळा ताण शेजारच्या जुन्या पट्टीवर येतो आणि महिन्यात ती तुटते.

पलंगाखाली पिवळं पीठ पडतंय.

भुंगा. आधी बारीक भोकांभोवती खडूने खूण करा आणि खालची फरशी पुसा. पंधरा दिवसांत नवं पीठ पडलं तर कीड जिवंत आहे, नाहीतर ती जुनी भोकं आहेत. जिवंत असेल तर त्या भागाचं पॉलिश काढून बोरॅक्स-बोरिक ऍसिडचं पाणी लाकडाला पाजा. पॉलिशवरून लावलं तर आत जातच नाही. फरशी पुसताना पायांची खालची टोकं भिजतात, तिथे वितळलेलं मेण मुरवून ठेवा.

आजीची पैठणी आणि शिसवी पेटी अमेरिकेला किंवा युरोपात नेता येईल का?

शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि देशाबाहेर खासगीरीत्या नेता येत नाही. वय जास्त असल्याची शंका कस्टम्सला येऊ नये म्हणून पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ‘पुरावशेष नाही’ असं प्रमाणपत्र आधीच घ्या. शिसव, म्हणजे डाल्बर्जिया प्रजातीतलं लाकूड, 2017 पासून व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय यादीत (CITES) आहे, त्याला वेगळी परवानगी लागू शकते. हस्तिदंताची जडावट असेल तर विषय तिथेच संपला.

सागवानाला कायद्यापेक्षा हवा नडते. हीटर लावलेल्या घरात हिवाळ्यात लाकडाचा ओलावा 12 वरून 6 टक्क्यांवर येतो. 45 सेंटिमीटर रुंद पाटी साधारण पाच मिलिमीटर आकसते. ती चौकटीच्या खाचेत सुटी बसवलेली असेल तर काही होत नाही, चिकटवलेली असेल तर मधोमध चिरते. पाठवण्याआधी पाटी बोटाने ढकलून बघा. किंचित सरकली पाहिजे.

खरेदीआधी चांगल्या वस्तू कुठे पाहाव्या?

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, कोल्हापूरचा न्यू पॅलेस, बडोद्याचा लक्ष्मीविलास. सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर लाखकाम करताना प्रत्यक्ष दिसतात. पैठणीसाठी मात्र काचेपलीकडची साडी पुरत नाही, येवल्यात मागावर अर्धवट विणलेला पदर बघा. तिथे उलट बाजू वर असते आणि विणकर नक्षी वरून खाली वाकून, कांड्या सरकवत भरत असतो. दहा मिनिटं उभं राहिलात तर काठ किती बोटं पुढे गेला ते मोजा.